वाट झाडणारी बोट

दसरा सरला आहे. पहाटेचे सीमोल्लंघन करून देवी नगरकडून आलेल्या पलंगावर निजली आहे, आणि कोजागरीच्या पौर्णिमेपर्यंत ती तशीच निजलेली असेल. हिला श्रमनिद्रा म्हणतात. तुळजापुरात वर्षातून तीनदा देवीला असे निजवतात. नवरात्राआधी घोरनिद्रा, दसऱ्यानंतर श्रमनिद्रा, शाकंभरीच्या नवरात्राआधी मोहनिद्रा. जागा देव सगळीकडे भेटतो. लढून दमलेली आणि झोपी गेलेली आई मला इथेच भेटली.

आजचे मनन तिच्या उशाशी बसून करायचे आहे. विषय मात्र समुद्राचा आहे, एका लहानशा लढाऊ बोटीचा आणि तिच्या कप्तानाचा. समुद्र इथून फार दूर, घाटापलीकडे. तरी देवीच्या अंगणात बोटीचा विषय परका नाही. ही ज्यांची कुलस्वामिनी, त्या भोसल्यांच्या शिवाजीराजांनीच मराठ्यांचे आरमार उभे केले.

चला. पहाटेची वेळ आहे. महाद्वारातून आत शिरलो की पायऱ्या खाली उतरू लागतात. पुष्कळ ठिकाणी देव डोंगर चढून गाठावा लागतो, इथे खाली उतरून जायचे. गोमुखाचे पाणी पायांवर घ्या. मग कल्लोळ तीर्थाच्या बाजूला, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात येणार नाही अशी एखादी पायरी पाहून बसा. आसन, मुद्रा काही नको. कोजागरीसाठी सोलापूरकडून चालत आलेली माणसे आपले पाय चेपत बसली आहेत, त्यांच्यातलेच एक होऊन बसा.

जरा वेळ नुसते ऐका. कुठेतरी संबळ वाजतो आहे. "आई राजा उदो उदो" वरून येते आणि भिंतींवर आपटून विरते. त्या सगळ्याखाली आणखी एक आवाज आहे, तो कान देऊन ऐका. दगडावरून फिरणाऱ्या खराट्याचा.

एक बाई पायऱ्या झाडते आहे. दगडांच्या सांध्यांत कुंकू बसून लाल रेघा झाल्या आहेत, त्यांतून ती खराट्याचे टोक ओढते. झेंडूच्या पाकळ्या, नारळाच्या शेंड्या, तेलाने चिकट झालेला कागद. मध्येच ती खाली वाकते, कोपऱ्यात अडकलेला करवंटीचा एक धारदार तुकडा बोटाने उकरते आणि घमेल्यात टाकते. तिच्या मागून अनवाणी पाय उतरत येतात. कोणी खाली पाहत नाही. खाली पाहण्याजोगे काही उरू नये, हेच तिचे काम.

हा आवाज कानात राहू द्या. आपल्याला त्याच्याकडे परत यायचे आहे.

आता हातात एक कवडी घ्या. तुळजापुरात कवडी शोधावी लागत नाही. आराध्यांच्या गळ्यात माळा असतात, दुकानांच्या दारांत गुच्छ लटकलेले असतात. ही एकच तळहातावर ठेवा. पोटाकडे फट, फटीच्या दोन्ही कडांना बारीक दाते. पाठ गुळगुळीत, पिवळसर पांढरी, जुन्या हाडासारखी. ओवण्यासाठी पाठीला पाडलेल्या भोकात नख अडकते. हा जीव हिंदी महासागराच्या उथळ, उबदार पाण्यात वाढला. मालदीवच्या बेटांवरून अशा कवड्या शतकानुशतके गलबतांनी येत राहिल्या, बाजारात नाणे म्हणून चालल्या आणि इथे बालाघाटावर आईच्या गळ्यात येऊन थांबल्या. समुद्र कधीही न पाहिलेल्या किती पिढ्यांनी समुद्राचा हा तुकडा छातीवर वागवला असेल!

आणि इथून परत जाणारी वाटही आहे. या शिवारात पडलेला पाऊस बोरी नदीला मिळतो. बोरी नळदुर्गच्या किल्ल्याला वेढा देऊन भीमेकडे जाते, भीमा कृष्णेला, कृष्णा बंगालच्या उपसागराला. आपल्या बोटीचे नावही बंगालच. 'बेंगॉल'.

मूठ मिटा. कवडी आत राहू द्या.

*

दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानच्या आरमारात या नावाची एक बोट होती, एच.एम.आय.एस. बेंगॉल. ती माइनस्वीपर होती, म्हणजे सुरुंग झाडणारी. आपण 'झाडणे' म्हणतो, इंग्रजांनीही या कामाला झाडू मारण्याचाच शब्द दिला. हे काम कसे चालते ते डोळ्यांपुढे आणा. घाई करू नका. त्या काळच्या समुद्रावरचे सर्वांत धीराचे काम मला हेच वाटते.

पाण्याखाली पुरुषभर खोलीवर लोखंडाचा एक मोठा गोळा तरंगतो आहे. तळाशी नांगर, नांगरापासून गोळ्यापर्यंत तारेचा दोर. गोळ्याला शिंगे फुटलेली. शिंग शिशाचे, आत काचेची नळी, नळीत आम्ल. बोटीच्या धक्क्याने शिंग वाकते, काच फुटते, आम्ल उतरते, वीज निर्माण होते आणि बोटीचे पोट फाटते. वरून काहीच दिसत नाही. वर नुसते ऊन आणि लाटा.

झाडणारी बोट या पाण्यात सगळ्यांच्या आधी शिरते. तिच्या मागे, एका बाजूला, लांबलचक तार ओढली जात असते. तारेच्या टोकाला ती बाहेर फाकलेली ठेवणारा तरंगा, आणि तारेला दाते, करवतीसारखे. तार पाण्याखालून जाता जाता सुरुंगाच्या दोराला भिडते, दोर घासून तुटतो, गोळा उसळून वर येतो. मग खलाशी कठड्याशी उभे राहून बंदुकीने त्याचा निकाल लावतात. अशा अनेक बोटी तिरक्या रांगेत चालतात. प्रत्येक मागची बोट पुढचीने झाडलेल्या पट्ट्यात असते. एकट्या पहिलीसाठी कोणी झाडून ठेवलेले नसते.

इथे थांबा. त्या पहिल्या बोटीच्या ब्रिजवर उभे राहा. समोरचे पाणी पाहा. ते निर्मळ आहे. त्यात मरण आहे की नाही, हे तिथे गेल्याशिवाय कळणार नाही. मैलभर जायचे, वळायचे, शेजारच्या पट्ट्यातून मैलभर परत यायचे. झेंडा लावलेली पिंपे टाकून झाडलेल्या वाटेची कड आखायची. उद्या पुन्हा तीच वाट, कारण रात्रीत कोणी नवे सुरुंग पेरले असतील. आणि काम नीट झाले, तर काय घडते? काहीच घडत नाही. धान्याची आगबोट येते, बंदराला लागते, तिच्यावरचे लोक उतरून आपापल्या घरी जातात. आपण वाचलो हे त्यांना ठाऊकही नसते.

खराट्याचा आवाज येतो आहे ना?

तुमच्या घरात असे कोण आहे? तुमच्या पायाखालची करवंटी कोणी उचलली, कधी, आणि तुम्ही खाली न पाहता उतरून गेलात? एखादे नाव मनात येईल. ते तसेच धरून ठेवा. त्याचे काय करायचे हे लगेच ठरवू नका.

*

आता तो माणूस. लेफ्टनंट कमांडर विल्यम जोसेफ विल्सन. ते रॉयल इंडियन नेव्हल रिझर्व्हचे, म्हणजे राखीव दलाचे अधिकारी होते. त्या आरमारात नेहमीच्या अधिकाऱ्यांखेरीज दोन राखीव फळ्या असत. एकीत व्यापारी जहाजांवर उमर काढलेले दर्यावर्दी घेत, दुसरीत किनाऱ्यावर नोकरी-धंदा करणारे स्वयंसेवक. विल्सन पहिल्या फळीतले.

'राखीव' या शब्दावर जरा बसा. राखून ठेवलेले बियाणे राखीव. लग्नकार्यासाठी बाजूला काढलेला पैसा राखीव. आणि 'राखण' हा शब्दही त्याच 'राखणे'तून आलेला. शेताची राखण, गुरांची राखण, पोराबाळांची राखण. राखून ठेवलेला माणूस वेळ आली की राखणीला उभा राहतो. पेशाने तो लढवय्या नसतो. त्याला वारा कळतो, माल कसा भरावा हे कळते, आणि थकलेल्या माणसांकडून काम कसे करून घ्यावे हे कळते. युद्ध लागते तेव्हा हाच माणूस बोलावला जातो.

या आरमाराला 'रॉयल इंडियन नेव्ही' हे नाव मिळाले २ ऑक्टोबर १९३४ रोजी. १९३९ साली युद्ध सुरू झाले तेव्हा त्याच्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी जहाजे होती. खलाशांत मोठा भरणा रत्नागिरीकडच्या माणसांचा, पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर जगणाऱ्या कोकणी मुसलमान घरांतला. सुरुंग झाडायला आणि पहाऱ्याला बोटी नव्हत्या, म्हणून किनाऱ्यावर प्रवासी आणि माल वाहणाऱ्या आगबोटी सरकारने ताब्यात घेतल्या आणि त्यांच्यावर तोफा चढवल्या. त्यांची नावे ऐका, ती आपल्या घरातली आहेत. रत्नागिरी. नेत्रावती. पार्वती. यांतली पार्वती ३० एप्रिल १९४१ रोजी तांबड्या समुद्रात असबजवळ सुरुंगावर जाऊन बुडाली. देवीच्या अंगणात बसून हे नाव घेताना आवाज आपोआप खाली येतो. येऊ द्या.

बेंगॉल मात्र नवी कोरी होती. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या कॉकाटू गोदीत बांधलेली. तिच्या आणखी तीन बहिणी हिंदुस्थानच्या आरमारासाठी सिडनीतच तयार झाल्या, बॉम्बे, मद्रास आणि पंजाब. ऑगस्ट १९४२ मध्ये बेंगॉल सेवेत दाखल झाली. वजन साडेसहाशे टनांच्या आसपास. तिच्यावरची मुख्य तोफ म्हणजे एक बारा पौंडी, मोठ्या जहाजांच्या तोफांपुढे अगदीच लहान, आणि त्या तोफेचे गोळे सुमारे चाळीस. नोव्हेंबरात ती मायदेशाकडे निघाली. बरोबर 'ओंडिना' नावाची डच तेलवाहू आगबोट होती. बेंगॉलने तिची सोबत करायची, इतकेच काम. सोबत हा आपला फार जुना शब्द आहे. रात्रीच्या वाटेला कंदील घेऊन दोन घरे पुढे जाणे, म्हणजे सोबत.

*

११ नोव्हेंबर १९४२, बुधवार. इकडे दिवाळी नुकतीच सरली होती. अंगणातल्या पणत्यांत कालची जळकी वात असेल. तिकडे हिंदी महासागरात, कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येला शेकडो मैल, दुपारच्या सुमारास क्षितिजावर एक मोठे जहाज दिसले. त्याच्या मागे आणखी एक. जपानी आरमाराची 'होकोकु मारू' आणि 'आयकोकु मारू'. दोन्ही दहा हजार टनांवरच्या, मुळात उतारूंसाठी बांधलेल्या आगबोटी, युद्धासाठी तोफा आणि टॉर्पेडो चढवलेल्या. वेग ताशी एकवीस नॉट. ओंडिनाचा बारा, बेंगॉलचा पंधरा. पळून सुटका नाही, हे पहिल्या काही मिनिटांतच कळले असणार.

मूठ घट्ट करा, आणि त्या ब्रिजवर पुन्हा उभे राहा. मागे तेलाची आगबोट, तिच्यावरची माणसे तुमच्या सोबतीवर विसंबलेली. समोर तुमच्या पंधरापट मोठे जहाज. हाताखाली एक बारीक तोफ. आणि चाळीस गोळे.

विल्सन यांनी ओंडिनाला निघून जाण्याचा इशारा दिला आणि आपल्या बोटीचे नाक शत्रूकडे वळवले. दोघांच्या मध्ये आपली बोट घातली, आणि अंतर तोडत सरळ पुढे निघाले.

या वळणाकडे पाहा. बोट एका क्षणात वळत नाही. सुकाणू फिरते, बोट कलते, मागचा फेसाचा पट्टा वाकतो आणि समोरचे क्षितिज हळूहळू बाजूला सरकते. कधीतरी ते मोठे जहाज बरोबर समोर येते आणि तिथे स्थिर होते. पुढचे सगळे त्या वळण्यातच होऊन गेले होते, असे मला पुन:पुन्हा वाटते. ज्याच्याकडे पाठ करून आपण वर्षानुवर्षे चालतो आहोत, असे तुमचे काही असेल. एखादे दुखणे, एखादा हिशेब, घरातल्या कोणाशी व्हायचे राहिलेले एखादे बोलणे. आज त्याच्याशी लढायचे नाही. नुसते नाक तिकडे वळवून पाहा. समोर आणा. स्थिर होऊ द्या. इतकेच.

ओंडिना पळाली नाही. तिचे कप्तान विलेम होर्समन यांनी थांबून लढायचे ठरवले. त्या तेलवाहू बोटीवर चार इंची तोफ होती, गोळे बत्तीस. आता दोन लहान बोटी दोन अजस्र जहाजांवर गोळे टाकत होत्या. थोड्याच वेळात होकोकु मारूच्या मागल्या अंगावर गोळा बसला, आग लागली, आग दारूगोळ्याला भिडली आणि प्रचंड स्फोट होऊन ते जहाज बुडाले. तो गोळा कोणाचा? दोन्ही बोटींनी आपापला म्हणून सांगितले. पुष्कळ अभ्यासक आज ओंडिनाच्या बाजूने कौल देतात. हिंदुस्थानात बेंगॉलचा गौरव झाला, विल्सन यांना डी.एस.ओ. हे पदक मिळाले. गोळा ओंडिनाचा ठरला, तरी त्या पदकाचा कण कमी होतो असे मी मानत नाही. ते नाक वळवण्याचे पदक आहे.

या जागी जयजयकार करण्याचा मोह होतो. तो आवरा. होकोकु मारूवरची ७६ माणसे त्या दिवशी मेली, कप्तान इमाझातो त्यांच्यात होते. तीही कोणाची तरी वाट पाहिली जाणारी माणसे होती. आई महिषासुराला मारते आणि मग चार-पाच दिवस निजून राहते. त्या झोपेत नुसता थकवाच असेल का, हे मी इथे बसून अनेकदा स्वतःला विचारले आहे. त्या ७६ जणांसाठी एक श्वास सावकाश आत घ्या. सावकाश सोडा.

*

आता जी जागा येते, तिथे मला तुम्हाला सर्वांत जास्त वेळ बसवायचे आहे.

आयकोकु मारू अजून शाबूत होती. बेंगॉलला गोळे लागले होते, मागल्या बाजूला आग होती आणि दारूगोळा संपत आला होता. मोजके गोळे उरले. विल्सन यांनी धुराचा पडदा उभा केला आणि बोट वळवली. या खेपेला शत्रूपासून दूर. धुरातून मागे पाहताना त्यांना ओंडिना वाचण्याची आशा दिसली नाही. ती गेली, असेच त्यांनी धरले. आणि ते निघाले.

पहिल्या वळणाचे पोवाडे होतात. या दुसऱ्या वळणाबद्दल कोणी फारसे बोलत नाही. आपण मात्र त्यावरच बसू. ज्याची सोबत करायला निघालो, त्याला मागे धुरात सोडून येण्याची वेळ येते. करता येईल तेवढे करून झालेले असते. आणखी थांबलो तर आपल्या जहाजावरची माणसेही जातील, आणि त्याला काही उपयोग होणार नाही. मग सुकाणू फिरवावे लागते. दवाखान्याच्या दारातून रिकाम्या हाताने घरी परतलेल्यांना हे माहीत आहे. दुष्काळात दावणीची जनावरे बाजाराला नेऊन मोकळी केलेल्यांनाही माहीत आहे, आणि या जिल्ह्यात अशी घरे मोजायला बसू नये. त्या परतीच्या वाटेवर माणूस स्वतःला काय काय म्हणतो! आणखी एक गोळा टाकायला हवा होता. आणखी एक डॉक्टर बघायला हवा होता.

तुमचे असे दुसरे वळण आठवा. मुठीतली कवडी आता तुमच्या हाताइतकीच उबदार झाली असेल. दुरुस्त करायला जाऊ नका. त्या धुराकडे पाहा, आणि सुकाणवाल्या माणसाकडेही पाहा. तो तुम्हीच होता. त्याच्यापाशी किती गोळे उरले होते ते मोजा. आज जे कळते आहे ते सोडा, त्या दिवशी खरोखर किती उरले होते, तेवढेच मोजा.

आता धुराच्या पलीकडे काय चालले होते ते ऐका. ओंडिनाचेही गोळे संपले. होर्समन यांनी बोट सोडण्याचा हुकूम दिला, आणि त्याच सुमारास ब्रिजवर गोळा लागून ते गेले. बाकीचे होड्यांत उतरले. आयकोकु मारूने आगबोटीवर टॉर्पेडो टाकले आणि होड्यांवर मशीनगन चालवली. त्यात काही माणसे मेली. मग ती बोट आपल्या बुडालेल्या जोडीदाराची माणसे उचलून निघून गेली. ओंडिना एका अंगावर कलली होती, आता बुडणारच अशी. पण ती बुडाली नाही. तिच्या रिकाम्या टाक्यांनी तिला तोलून धरले. होड्यांतले डच आणि चिनी खलाशी परत तिच्यावर चढले. आग विझवली, कल सावरला, इंजिन चालू केले. आणि १८ नोव्हेंबरला ती ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटल बंदराला लागली, जिथून निघाली होती तिथेच.

बेंगॉलला वाटत होते ओंडिना बुडाली. ओंडिनाला वाटत होते बेंगॉल बुडाली. आठवडाभर एका महासागराच्या दोन अंगांना दोन बोटी एकमेकींचे सुतक धरून चालल्या होत्या, आणि दोन्ही तरंगत होत्या.

मला यात दिलासा शोधायचा नाही. होर्समन परत आले नाहीत. होड्यांत मेलेले परत आले नाहीत. पण धुरात शेवटचे जे दिसले, ते सगळे खरे नव्हते, एवढे मनात ठेवा. रिकाम्या टाकीचाही आधार होतो. आपण हात सोडल्यावर कोणी स्वतःच परत चढून आग विझवली असेल. ती बातमी आपल्यापर्यंत पोहोचलेली नसेल. धुराच्या पलीकडचे आपल्याला दिसत नाही, आणि त्या न दिसण्यावरच आपण स्वतःला वर्षानुवर्षे शिक्षा देत असतो.

इथे हवे तेवढे बसा. मी बोलत नाही.

*

बेंगॉलवर मात्र एकही माणूस दगावला नाही. एवढ्या माऱ्यातून सगळे परत आले.

एक गोष्ट सांगायलाच हवी. ते आरमार आपल्या देशाचे असले तरी झेंडा आपला नव्हता. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मुंबईत 'चले जाव'चा ठराव झाला होता आणि तुरुंग भरत होते. हे तुळजापूर तर निजामाच्या राज्यात होते, त्याला मोकळे व्हायला सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला. मग त्या खलाशांनी कोणासाठी झाडले, कोणासाठी तोंड दिले? मला वाटते, बाजूच्या बोटीसाठी. त्यांना जेवढे दिसत होते तेवढ्यासाठी. आणि अपमान सोसायचा नाही, हेही त्याच हातांनी पुढे दाखवले. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत आरमारातले खलाशी उठले. अन्नावरून आणि वागणुकीवरून सुरुवात झाली, आणि बघता बघता डझनावारी जहाजांवरचे झेंडे उतरले. ज्या तळावर ठिणगी पडली त्याचे नाव होते 'तलवार'. भवानीच्या गावात या नावाची ओळख करून द्यायला नको.

*

उजाडू लागले आहे. गर्दी वाढते आहे. आत आई अजून निजलेली आहे, आणि तिला उठवायची कोणालाही घाई नाही. लोक दर्शनाला येतात, निजलेल्या देवीला हात जोडतात आणि हलक्या पावलांनी पुढे सरकतात. लढाई झाली, आता झोपू दे, हे इथे सगळ्यांना मान्य आहे. आपल्या घरातल्या दमलेल्या माणसाला आपण एवढी मुभा देतो का? स्वतःला देतो का? बंदराला लागलेल्या बेंगॉलवरची ती पहिली रात्र मी अनेकदा डोळ्यांपुढे आणतो. इंजिन बंद. नांगर टाकलेला. तोफेची नळी गार. खलाशी जागा मिळेल तिथे आडवे झालेले, आणि पहाऱ्यावरचा एकजण सोडून सगळी बोट झोपलेली.

तसेच थोडा वेळ डोळे मिटून राहा. पहारा दुसरे कोणी देते आहे.

दुरुस्त होऊन ती बोट पुन्हा समुद्रावर गेली. स्वातंत्र्यानंतर ती भारतीय नौदलात आली आणि १९६० मध्ये तिला मोडीत काढले.

आता मूठ उघडा. कवडीचे दाते तळहातावर उमटले आहेत, ते हळूहळू जातील. खराटा आता खालच्या पायऱ्यांवर पोहोचला आहे. बाई उभी राहून कंबर सरळ करते आहे. उठताना तुमच्या पायरीवर काही पडले असेल, तर तेवढे उचला आणि तिच्या घमेल्यात टाकून पुढे जा.